खालच्या मजल्यावरची आमदार

आमदार वरच्या मजल्यावर बसायची आणि लोक खालूनच परत जायचे. दुखणं एवढंच होतं. पण ते पोटातलं होतं, आणि पोटदुखीवर औषध असलं तरी असल्या पोटदुखीवर नसतं.

आमदार म्हणजे घरातली धाकटी सून. कायदा शिकलेली, बोलायला नेमकी, नेसायला नीटनेटकी, विधानसभेत उभी राहिली की मंत्र्यांना कागद चाळायला लावणारी. तिच्यासाठी वर खास खोली केली होती. टेबल, संगणक, पंखा, आणि भेटायला येणाऱ्यांसाठी निळ्या गाद्यांच्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं, कारण त्यांवर बसणार कोण?

बसणारे सगळे खाली बसत. खाली म्हणजे रस्त्यालगतच्या खोलीत, थोरलीपुढे. थोरली म्हणजे तिची जाऊ. तिचा नवरा या मतदारसंघाचा आमदार होता आणि आमदार असतानाच गेला. तेव्हा सासरे जिवंत होते. त्यांनी पोटनिवडणुकीला थोरलीला नाही, धाकटीला उभं केलं. थोरलीनं मोठं कुंकू पुसलं, मोठा आवाज मात्र तसाच ठेवला. मांडीवर मटारच्या शेंगा घेऊन ती सोलत बसायची आणि समोरचा माणूस आपली कर्मकथा सांगायचा. शेंगा संपेपर्यंत ऐकायचं, संपल्या की निकाल द्यायचा, अशी तिची पद्धत. कुणाला रागवायची, कुणाला टपली मारायची, एखाद्याला तर सरळ "तुझंच चुकलंय, जा, आधी भावाचे पाय धर" असं सांगून घालवायची. आणि गंमत अशी, की घालवलेला माणूस दुसऱ्या दिवशी भावाला घेऊनच यायचा.

वर काय जायचं? सहीचे कागद. ते घेऊन धाकटीचा पीए जिना चढायचा. "खालून आलंय," एवढंच म्हणायचा. धाकटी ते नीट न वाचता सही करून फेकायची, कारण वाचलं की आणखी जळायचं.

लोक थोरलीला "वहिनी" म्हणत आणि धाकटीला "मॅडम". निवडून आली धाकटी, हार धाकटीच्या गळ्यात, शिव्याही धाकटीच्याच नावानं. आणि कुणाच्या घरातली पोरगी पहिलं अक्षर गिरवायला लागली तरी सांगायला कोणाकडे जायचं, तर वहिनींकडे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

"तुम्हाला नाही का काही वाटत?" एकदा तिनं नवऱ्याला विचारलं. नवरा दातांचा डॉक्टर. घराच्या मागच्या बाजूला त्याचा दवाखाना होता. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून त्याचं स्वतःचं मिटून गेलं होतं.

"वहिनी बोलतात, तू सही करतेस. चाललंय की," तो म्हणाला.

"चाललंय की!" धाकटी पुटपुटली आणि तिनं दिवा असा मालवला की बटणच तुटलं.

तरीही ती आणखी काही वर्षं अशीच जळत, धुमसत, सह्या करत बसली असती. पण मास्तरांनी पुस्तक लिहिलं.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. मतदारसंघ जन्माला आला त्याला त्या वर्षी साठ वर्षं होत होती, म्हणून त्यांनी हौसेनं त्याचा इतिहास लिहायला घेतला. आता या मतदारसंघाला इतिहास कसला असणार? शेजारचे दोन मोठे मतदारसंघ आखल्यावर मधे जे उरलंसुरलं, त्याला एक नाव देऊन मोकळे झाले होते सरकारवाले. एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला गिरणी कामगारांची वसाहत. दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही, म्हणून नावातही दोन गावं आणि मधे एक आडवी रेघ. पहिले आमदार एक डॉक्टर. दुसऱ्या कुणी अर्जच भरला नाही म्हणून निवडून आले आणि पुढची पाच वर्षं रोग्यांना विधानसभेच्या गोष्टी सांगत बसले. दुसरे कामगार पुढारी, तापट, भर सभागृहात राजीनामा देऊन घरी आले आणि मग बायकोनं विचारलं, "आता खायचं काय?" तिसरे कंत्राटदार. त्यांना लोकांनी निवडणुकीनंतर पाहिलं ते थेट त्यांच्या अंत्ययात्रेत. मग सासरे. त्यांची दोन तपं. सीमासुद्धा दर वेळी हलायची. कधी गिरणी बाहेर, कधी आत. स्मशान तर इतक्या वेळा इकडून तिकडे गेलं, की एक थट्टाच होऊन बसली होती, मेल्यावरही माणसाला इथं दोन आमदार असतात.

हे सगळं मास्तरांनी चांगलं रंगवलं होतं. धाकटीला छापील प्रत मिळाली तेव्हा तिनं दार लावून घेतलं आणि आधी शेवटचं प्रकरण उघडलं. तिच्यावर एक परिच्छेद होता. शिक्षण, विजय, विधानसभेतली चार भाषणं. "अभ्यासू." बस्स. त्याखाली, "या काळात मतदारसंघाचा खरा आधार" असं म्हणून थोरलीवर तीन पानं होती. छायाचित्रासकट. मांडीवर मटार!

जी बाई कधी निवडून आली नाही, जिनं कधी साधा उमेदवारी अर्जसुद्धा भरला नाही, ती मतदारसंघाच्या इतिहासात तीन पानं खाऊन बसली होती. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मास्तरांना फोन लावला. "पुस्तक छान झालंय," एवढंच बोलली आणि ठेवून दिला. काय म्हणणार? माझी पानं वाढवा?

अशा माणसाच्या हातात नेमकं त्याच महिन्यात हत्यार यावं, हा दैवाचा खेळ.

मतदारसंघांची फेररचना सुरू झाली होती. त्यासाठी सीमा समिती बसली. एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, आणि त्या भागातले आमदार सल्लागार सदस्य. धाकटीपुढे नकाशा आला. तिनं तो आपल्या टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर कप ठेवले आणि बघत राहिली. मतदारसंघाची पूर्वेकडची हद्द होती ओढा. ओढा आणि बाजाराचा मोठा रस्ता यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीत त्यांची गल्ली. न्हाव्याचं दुकान, औषधाचं दुकान, पोस्ट, त्यांचं घर. थोरलीचं सगळं राज्य एवढ्याशा पट्टीत मावत होतं. नकाशावर ते करंगळीएवढं दिसत होतं.

तिनं सूचना लिहिली. भाषा कायद्याची, स्वच्छ. "ओढा आता भूमिगत झाला असून हद्द म्हणून ओळखू येत नाही. त्याऐवजी बाजाररस्ता ही हद्द धरावी." शंभर टक्के खरं. ओढा गेली कित्येक वर्षं सिमेंटच्या पाइपातून वाहत होता. बाजाररस्ता हद्द झाला की पट्टी शेजारच्या मतदारसंघात जाणार होती. मग वहिनींनी खुशाल मटार सोलावेत. वर सही करायला आमदार नाही म्हटल्यावर कोण बसतं खाली? सुंठीवाचून खोकला गेला.

स्वतःचं घर त्याच पट्टीत आहे, हे काय तिला कळत नव्हतं? पण उमेदवार राज्यात कुठूनही उभा राहू शकतो. आणि रस्त्याच्या पलीकडे नव्या इमारतीत तिनं मनातल्या मनात एक फ्लॅटही बघून ठेवला होता. स्वतंत्र दार, स्वतंत्र घंटी. घंटी वाजली की ती आपल्यासाठीच वाजली, हे सुख काय असतं ते एकत्र घरात राहणाऱ्या सुनेलाच विचारावं.

समितीनं सगळ्या सूचना क्रमांक घालून, नावं न घालता जाहीर केल्या. नियम असा, की एखाद्या सूचनेवर हरकत आली तरच सुनावणीत सूचना करणाऱ्याचं नाव वाचायचं आणि त्याला उत्तर द्यायला लावायचं. धाकटीला हा नियम तोंडपाठ होता. पण तिला हेही माहीत होतं, की साठ वर्षांत या मतदारसंघात कुणी सीमेवर हरकत घेतलेली नाही. भिंतीवर चिकटवलेली सरकारी नोटीस वाचतो कोण?

वहिनी वाचतात! म्हणजे पूर्वी न्हावी वाचायचा. पण चष्मा हरवल्यापासून तो असले कागद भिंतीवरून अलगद सोलून काढायचा आणि थोरलीकडे आणून द्यायचा. हे धाकटीच्या लक्षात आलं नाही, कारण खाली काय चालतं ते बघायचंच नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं.

गुडघे दुखतात म्हणून थोरली जिना चढताना कधी दिसायची नाही. त्या दिवशी चढली. प्रत्येक पायरीवर एकेका देवाचं नाव घेत, धापा टाकत वर आली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर धपकन बसली. प्लास्टिक चर्रर्र वाजलं.

"हे बघ काय चिकटवून गेलेत पोस्टाच्या भिंतीला." तिनं नोटीस टेबलावर आपटली. "आपली गल्ली पलीकडे ढकलतायत. कुठल्या मेल्याच्या डोक्यातून निघालं असेल गं हे?"

धाकटीनं नोटीस हातात घेतली, जणू पहिल्यांदाच बघत होती. "नावं नसतात यात, जाऊबाई."

"नसू देत. माझ्या समोर आला ना, तर नाव मीच ठेवीन त्याला. घे कागद. हरकत लिही."

"मी कशी लिहू? मी समितीवर आहे."

"सही माझी. हात तुझा. घरात वकील असताना काय बाहेर पैसे मोजू?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं धाकटीच्या मनात लख्ख पडलं होतं. नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर हात दाखवून अवलक्षण. तिनं कागद ओढला आणि जमेल तितकं मिळमिळीत लिहिलं. 'सदर सूचनेमुळे काही रहिवाशांची गैरसोय होण्याची शक्यता आहे, तरी योग्य तो विचार व्हावा, ही विनंती.'

थोरलीनं वाचायला लावलं. ऐकून तोंड वाकडं केलं.

"हे काय पाणचट? याच्यावर तू विधानसभेत भांडतेस का? खोड ते. लिही, आमची आमदार आमच्यापासून तोडू नका."

धाकटीचं पेन थांबलं. "'आमची आमदार' असं लिहू?"

"मग काय शेजारणीची लिहितेस? लिही लवकर, खाली माणसं खोळंबलीत."

तिनं लिहिलं. ते दोन शब्द लिहिताना बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याचाच राग आला. आपल्याबद्दलचं एवढं एक बरं वाक्य, आणि तेही जावेच्या तोंडून यावं! थोरली सही करून, जिन्याला शिव्या घालत खाली गेली. धाकटी बराच वेळ पेनचं टोपण लावत बसली. लागत नव्हतं. उलटं धरलं होतं.

सुनावणीला गल्लीच्या गल्ली आली. सरकारी सभागृहात इतकी माणसं समितीनं कधी पाहिलीच नव्हती. शिपाई बाकं शोधत पळत होते. धाकटी समोर व्यासपीठावर, इतर आमदारांच्या रांगेत. थोरली पहिल्या बाकावर, मांडीवर नुसती पिशवी. आज शेंगा नव्हत्या. हातांना काम नव्हतं म्हणून ती पिशवीचे बंद गुंडाळत आणि उलगडत होती.

अध्यक्ष म्हणाले, "ज्यांना बोलायचं आहे त्यांनी एकेकानं बोला. थोडक्यात."

थोडक्यात बोलायला गल्लीतलं कोण येतं? आधी न्हावी उठला.

"साहेब, माझ्या पोराला अपघात झाला तेव्हा मॅडमनी मोठ्या दवाखान्यात खाट मिळवून दिली. स्वतः फोन केला होता. मी नाही विसरणार."

धाकटीनं मान वर केली. फोन? कसला फोन? तिला आठवेना. मग आठवलं, खालून आलेलं एक पत्र. तिनं सही केली होती. फोन थोरलीनं केला असणार.

मग औषधाच्या दुकानवाली उठली. "शाळेसमोर रस्ता ओलांडायला पट्टे मारलेत, दिवा लावलाय, तो मॅडमनी. वहिनींना विचारा. वहिनी तेव्हाच म्हणाल्या होत्या, वर मॅडम रात्रंदिवस त्याच्याच मागे आहेत."

मग एक निवृत्त नर्स. मग एक म्हातारा, ज्याचं निवृत्तिवेतन अडलं होतं. मग आणखी कुणी. प्रत्येकाच्या तोंडी एकच. मॅडमनी केलं. मॅडमनी मनावर घेतलं. वहिनी म्हणाल्या मॅडमना सांगते, आणि आठवड्यात झालं.

धाकटीच्या कानशिलांत ऊन ऊन वाटायला लागलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव जळत होता ते सगळं समोर उभं राहून बोलत होतं. ही माणसं तिला आपली म्हणत होती. तिला रडू येईलसं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी मनानं मेलं आपलं जुनं तोंड उघडलं: हेसुद्धा हिनंच दिलेलं! काम हिनं करायचं आणि श्रेय वर पाठवून द्यायचं, सहीच्या कागदासारखं. म्हणजे माझं असं काय आहे? लोकांचं प्रेमही उसनं? माणूस सुखावतानासुद्धा जळू शकतो, हे तिला त्या दिवशी नव्यानं कळलं.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "हरकत गंभीर दिसते. आता सूचना करणाऱ्यांनी उत्तर द्यावं. नाव वाचा."

कारकून उठला. त्याला काय, तो नाकासमोर बघून वाचणारा. त्यानं नाव वाचलं. पूर्ण नाव, आडनावासकट, पुढे 'विद्यमान आमदार'.

न्हावी अजून उभाच होता. तो हळूच खाली बसला. औषधवालीनं आधी धाकटीकडे पाहिलं, मग थोरलीकडे. कुंपणानं शेत खाल्लेलं लोक ऐकून असतात, पण डोळ्यांनी बघायला मिळालं की विश्वास बसायला वेळ लागतो. धाकटीला कायद्याची सगळी कलमं येत होती. ओढा भूमिगत झालाय, हे वाक्य जिभेवर तयार होतं. ते बाहेर येईना.

तेवढ्यात थोरली उठली.

"साहेब, ती सूचना मीच करायला सांगितली होती तिला."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, हरकत तुमची आहे."

"हो तर. सूचनाही माझी आणि हरकतही माझीच. पूर्वी ओढा डोळ्यांपुढे होता, म्हटलं आता दिसत नाही तर कशाला ठेवायचा. मग घरी जाऊन विचार केला आणि मन बदललं. बायकांनी मन बदलू नये असं कुठल्या कलमात लिहिलंय का? असलं तर आमच्या वकीलबाई सांगतील."

आधी एक आमदार हसला, मग मागचं बाक, मग सगळं सभागृह. न्हावी तर मांडीवर थाप मारून हसला. गल्लीचा जीव भांड्यात पडला. घरचाच घोळ होता म्हणे! घरोघरी मातीच्या चुली. एका वाक्यात तिनं धाकटीची अब्रू झाकली होती, न्यायाधीशाला हसवलं होतं आणि दोनशे माणसांना खोटं पटवून दिलं होतं. धाकटी बघत राहिली. हे असं आपल्याला सात जन्मांत जमणार नाही, हे तिला स्पष्ट दिसलं. आभार वाटायला हवे होते, वाटला तो हेवाच.

"मग हरकत कायम समजायची का?" अध्यक्षांनी हसू आवरत विचारलं.

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. पहिल्यांदाच, सरळ. डोळ्यांत हसू अजिबात नव्हतं.

"नाही. मागे घेते," ती म्हणाली आणि बसली.

परतताना गाडीत दोघीच होत्या. ड्रायव्हर पेट्रोल भरायला खाली उतरला तेव्हा धाकटी म्हणाली, "जाऊबाई, मी..."

"गप्प बस. तिकडे तोंड उघडलं नाहीस, आता कशाला उघडतेस?"

"पण हरकत का मागे घेतलीत? गल्ली गेली ना आता पलीकडे."

"जाऊ दे. जिला आपण नकोत तिच्या दारात माझी माणसं का उभी करू मी?" थोरलीनं पिशवीचे बंद गच्च आवळले. "मी पलीकडून उभी राहते."

"तुम्ही? निवडणुकीला?"

"का? मला हात नाहीत अर्ज भरायला?"

"तसं नाही. पण तुम्हाला कधी... तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मला कुणी विचारलं?" थोरलीचा आवाज चढला. खालच्या खोलीतला नव्हे, वेगळाच. "नवरा गेला तेव्हा मामंजी थेट तुझ्या खोलीत गेले. माझ्या दारावरून गेले, गं. वाकूनही पाहिलं नाही. मी आपली आत बसून पदर सावरत होते, येतील म्हणून. तू कायदा शिकलेली, मी काय, मटार सोलणारी. तुझ्या नावाची पाटी वर लावलीस ना, ती रोज कोण पुसतं माहितीये? मी पुसते. सकाळी, तू उठायच्या आत, हे गुडघे घेऊन. आणि पुसताना वाटतं, काढून फेकावी गटारात."

धाकटीनं खिडकीची काच वर केली आणि पुन्हा खाली केली.

"तुला काय वाटलं," थोरली म्हणाली, "हेवा काय तुला एकटीलाच करता येतो?"

ड्रायव्हर आला. पुढचा रस्ता दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या.

फेररचना झाली. बाजाररस्ता हद्द ठरला. निवडणूक लागली तशी धाकटी आपल्या जुन्याच मतदारसंघातून उभी राहिली आणि थोरली गल्ली गेली त्या शेजारच्या मतदारसंघातून. फ्लॅटचं काही जमलं नाही. डॉक्टर म्हणाला, दवाखाना मागे आहे तोवर मी हलणार नाही, आणि तोंड मिटून बसला. म्हणून वर एका मतदारसंघाची उमेदवार झोपायची आणि खाली दुसऱ्या. गल्लीला करमणूक झाली. धाकटी आपल्या मतदारसंघात दारोदार फिरली. ऐकून घ्यायला शिकली, निदान प्रयत्न केला. लोक दारात उभे राहून म्हणत, "या ना मॅडम." कुणी आत बोलवलं की ती लगेच मनात मोजायची, हे जावेमुळे तर नाही? नव्हतं. तिथं जाऊ कुणाला माहीतच नव्हती. तरीही मोजायची. सवय अशी सहजासहजी जात नाही.

मतदानाचा दिवस उजाडला. उमेदवार स्वतःला मत देतो आणि फोटोवाले फोटो काढतात. धाकटीचं नाव मात्र गल्लीच्या यादीत होतं. ज्या मतदारसंघात ती उभी होती, तिथं तिला मत नव्हतं. ती शाळेच्या केंद्रावर रांगेत उभी राहिली. फोटोवाले आले होते, पण थोरलीसाठी. थोरली नुकतीच मत देऊन बाहेर आली होती. शाईचं बोट नाचवत ती न्हाव्याला काहीतरी दरडावत होती आणि सगळे हसत होते. एक फोटोवाला धाकटीला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला होता का? वहिनी नीट येत नाहीयेत." ती बाजूला झाली.

आत गेली. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटीच होती आणि समोर यंत्र. यंत्रावर चार नावं, दुसरं जावेचं. बाकीच्या तिघांतला कुणीही चालला असता. तिघांतल्या कुणालाही दाबलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं, आणि जिचा वर्षानुवर्षं राग केला तिला एक मत कमी पडलं असतं. तिनं आधी मुद्दाम तिसऱ्या नावावर बोट ठेवलं.

मग न्हाव्याचा पोरगा आठवला. शाळेसमोरचे पट्टे आठवले. आत्ताच तर त्यांवरून रस्ता ओलांडून आली होती. आपल्या गल्लीसाठी, आपल्या घरासाठी, उद्या आपलं काही अडलं तर आपल्यासाठी बोलायला कोण हवं, असा प्रश्न एखाद्या साध्या मतदारासारखा तिला पडला. आणि उत्तर एकच होतं. ते नको होतं, पण एकच होतं.

तिनं बोट वर सरकवलं आणि जावेच्या नावापुढचं बटण दाबलं. यंत्र लांब वाजलं.

कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणाच्या घराण्याकडे बघून नाही, दुसरं कुणी नाही म्हणूनही नाही. माणूस पारखून, मनापासून दिलेलं मत होतं ते. आडोशातून बाहेर येताना तिच्या पोटात पुन्हा तीच जुनी कळ आली, आयुष्यात कधी नव्हती इतकी जोरात: आपल्याला असं मत आजवर एकानं तरी दिलं असेल का?